देवदूतांचा संडास

निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडे शाल, नारळ आणि भाषण मिळतं. शाल अंगाला टोचते, नारळाची चटणी तरी होते. भाषणाचं मात्र काहीच करता येत नाही. माझ्या निरोप समारंभाला आलेले पाहुणे बराच वेळ बोलले आणि त्यात मी सतत देवदूत होते. शुभ्र वस्त्रातली, हसतमुख, तहानभूक विसरलेली वगैरे. मागे बसलेल्या आमच्या नर्स पोरी तोंडाला पदर आणि ओढण्या लावून हसत होत्या, कारण तहान आम्ही खरंच विसरायचो. त्यामागचं कारण मात्र पाहुण्यांना माहीत नव्हतं. देवदूतांना लघवीला जावं लागत नसावं. आम्हाला लागायचं.

नंतर त्यांनी आपुलकीनं विचारलं, "मग ताई, एवढ्या वर्षांच्या सेवेत समाधान मिळालं ना?" माझ्या तोंडात समोसा होता, म्हणून मी मान हलवली. ते उत्तर अर्धवट राहिलं. आज पूर्ण करते.

मी वनमाला वानखडे. माहेर दिग्रसचं. नोकरीची बरीच वर्षं तालुक्याच्या एका सरकारी रुग्णालयात काढली. गाव पांढरकवड्याच्या बाजूचं, हायवेला लागून. नाव सांगत नाही, तिथं अजून माझ्या ओळखीच्या माणसांना रोज हजेरी लावायची आहे. आमच्याकडे कापूस-सोयाबीनवाले शेतकरी यायचे, तांड्यांवरचे बंजारा यायचे, जंगलाकडच्या पोडांवरून, म्हणजे पाड्यांवरून, कोलाम आदिवासी यायचे आणि हायवेवर आपटलेले ट्रकवाले तर देशभरातून यायचे. एका वॉर्डाला एका पाळीत बहुधा एकच नर्स. तीच इंजेक्शन देणार, सलाईन बदलणार, बाळंतपण करणार, जखम बांधणार आणि कॉटखाली चूल मांडायला निघालेल्या नातेवाइकांशी भांडणारही तीच.

बाहेरच्यांना वाटतं, नर्सला समाधान म्हणजे मरणाच्या दारातला माणूस परत आणणं. तसं कधीतरी होतं, पण तेव्हा इतकी धावपळ असते की समाधान वाटून घ्यायला उसंत नसते. रोजचं समाधान बारकं असतं. रडून निळ्या झालेल्या बाळाची शीर पहिल्याच टोचण्यात सापडते, तेव्हा मनातल्या मनात एक शिट्टी वाजते. पुढच्या पाळीची सिस्टर वेळेवर दारात दिसते, तेव्हा त्याहून मोठी वाजते. एकदा एका कोलाम माणसानं बायकोचं बाळंतपण नीट झालं म्हणून मला जिवंत कोंबडी आणून दिली. पाळी संपेपर्यंत ती वॉर्डात फिरत राहिली आणि एका कॉटखाली तिनं अंडं दिलं. त्या दिवशी आमच्या वॉर्डात तेवढी एकच प्रसूती झाली. कोंबडी मी घरी नेली. समाधानच होतं ते.

आणि समाधान जातं कशानं? मरणानं नाही. पेशंट गेला की बाजूला जाऊन रडून घेता येतं. कामाच्या ओझ्यानंही नाही, त्याची सवय होते. ज्या गोष्टी सांगायची लाज वाटते, त्यांच्यामुळे माणूस आतून कुरतडला जातो. आमची तसली गोष्ट वॉर्डाच्या टोकाला होती आणि तिला कुलूप होतं.

इमारत बांधली तेव्हा नकाशात 'परिचारिका प्रसाधनगृह' होतं आणि बांधणाऱ्यांनी ते खरोखर बांधलंही होतं. दारावर निळ्या अक्षरांत नाव लिहिलेलं होतं. पण रुग्णालयात कोठीची खोली लहान पडली, तेव्हा कुणीतरी एक मोडकी कॉट तात्पुरती तिथं ठेवली. सरकारी कामात तात्पुरती वस्तू एकदा बसली की तिला उठवणं कठीण. कॉटमागोमाग चाक नसलेलं स्ट्रेचर आलं, लसी ठेवायचा बंद पडलेला फ्रिज आला, भोकं पडलेली बेडपॅन आली. मग दाराला कुलूप लागलं आणि किल्ली कोठी सांभाळणाऱ्या काळेबाबूंकडे गेली.

आता ते भंगार फेकून का दिलं नाही, असं तुम्ही विचाराल. सरकारी वस्तू मोडली म्हणजे मेली, असं होत नाही. तिच्या मरणाला मंजुरी लागते. त्याला निर्लेखन म्हणतात. त्यासाठी समिती बसते, आणि समितीतला एक माणूस कायम बदली होऊन गेलेला असतो. तोवर बेडपॅनला भोक असलं तरी ते जिवंत समजायचं. मी जितक्या वेळा संडासाचा अर्ज केला, तितक्या वेळा उत्तर आलं की निर्लेखनाची कार्यवाही सुरू आहे.

पेशंटचा संडास होता. बायका, पुरुष, नातेवाईक, बाहेरचे रिक्षावाले, सगळ्यांना मिळून एक. त्याचं वर्णन दिवाळी अंकात करू नये. म्हणून आम्ही समोरच्या मुमताजभाभीकडे जायचो. ती रस्त्यापलीकडे ब्लाऊज शिवायची. मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "जाओ सिस्टर, दरवाजा खुला है." नवी नर्स आली की आम्ही तिला आधी औषधांची खोली दाखवायचो आणि मग मुमताजभाभी. तिच्या पोरींचे ताप, खोकले, लसी आम्ही सगळं घरच्यासारखं पाहिलं.

मग हायवे रुंद झाला. आमच्या गावातून जाणारा त्याचा फाटाही रुंद झाला आणि मुमताजभाभीच्या घराचा पुढचा भाग त्यात गेला. शिलाई मशीन मागच्या खोलीत गेली. संडास पुढच्या बाजूला होता, तो गेलाच. ती बिचारी स्वतः जावेकडे जायला लागली. तिनं आम्हाला येऊन सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरले होते. "माफ करना सिस्टर," म्हणाली. हिची माफी कशाला, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर आम्ही पाणी पिणं सोडलं. ड्युटीला निघताना घरीच लघवीला जाऊन घ्यायचं आणि पाळी संपेपर्यंत घशाला कोरड पडू द्यायची. वॉर्डात मात्र प्रत्येक कॉटपाशी थांबून सांगायचं, "भरपूर पाणी प्या हं, मूत्रपिंडाला चांगलं असतं."

तेव्हा माझ्या हाताखाली कविता राठोड होती. आर्णीकडच्या तांड्यावरची, कंत्राटावर लागलेली. पोरगी कामाला चपळ, हात हलका, आणि तांड्यावरच्या बाया आल्या की त्यांच्याशी गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, असं काही बोलायची की किंचाळणारी बाई हसायला लागायची. काय बोलतेस विचारलं तर म्हणायची, "ते तुम्हाले सांगण्यासारखं नाही, सिस्टर." लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि तिला सहावा महिना लागला होता. पोटुशी बाईला किती वेळा जावं लागतं, हे बायकांना सांगायला नको. मी तिला म्हणायचे, घरी जाऊन ये, मी वॉर्ड पाहते. ती म्हणायची, "घर स्टँडच्या पलीकडे आहे. गेलो अन् इकडं कोणाला कळा लागल्या तर?" आणि थांबायची.

त्याच वेळी वॉर्डात गिरजाबाई भरती होत्या. मोठ्या शेतकरी घरातली विधवा बाई, रक्तात साखर, पायाला चिघळलेली जखम. रोज ड्रेसिंग लागायचं म्हणून मुक्काम लांबला होता. तोंड विळ्यासारखं. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाणं बंद केलं होतं, तरी मुलगा आला की त्यांच्या उशीखाली त्याची पन्नी यायचीच, आणि कविता ती रोज जप्त करायची. दोघींचं त्यावरून रोज भांडण.

"माह्या मरणाच्या वख्ती तरी देशीन का खर्रा?" गिरजाबाई विचारायच्या.

"त्या वख्ती तोंडात तुळशीपत्र ठेवतात, खर्रा नाही," कविता म्हणायची.

भांडण झालं की गिरजाबाई तिला आपल्या डब्यातली तीळ-गुळाची पोळी द्यायच्या. आपल्याला गोड चालत नाही, मग निदान दुसऱ्याला खाताना पाहावं, असा त्यांचा हिशेब.

एका दुपारी कविता गिरजाबाईंचा पाय बांधत होती. मी शेजारच्या कॉटवर सलाईन लावत होते. गिरजाबाईंचा आवाज आला, "अवं शिस्टरबाई, पाहा वं इकडं! ही पोरगी थरथर करून राह्यली!" मी वळले तर कविता कॉटचा लोखंडी दांडा धरून उभी होती आणि तिचे दात वाजत होते. अंगाला हात लावला तर चटका बसला. "मले काही होत नाही," एवढं म्हणाली आणि गिरजाबाईंच्याच अंगावर कोसळली. गिरजाबाईंनी दुखरा पाय बाजूला न घेता तिला दोन्ही हातांनी धरलं. नाहीतर ती पोटावर पडली असती.

शेजारची कॉट रिकामी होती, तिथंच तिला निजवलं. आमचे अधीक्षक साहेब जेवण टाकून क्वार्टरवरून गाडीनं तडक आले. माणूस हुशार आणि हाताचा चांगला, फक्त वरून फोन आला की पाठीचा कणा काढून टेबलावर ठेवायचे. त्यांनी तिची कंबर ठोकून पाहिली, तशी ती ओरडली. लघवीत जंतू होऊन ते मूत्रपिंडापर्यंत गेले होते. साहेबांनी पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. पोट मधूनमधून घट्ट होत होतं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "कळा पक्क्या झाल्या तर बाळ हाती लागणार नाही. इतक्या लवकर नाही." यवतमाळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन लावून त्यांनी औषधं विचारून घेतली, ॲम्ब्युलन्स दारात उभी करून ठेवली. मी कविताच्या हाताला सुई लावली. इतकी वर्षं शिरा शोधल्या, पण त्या दिवशी शीर पहिल्या टोचण्यात सापडली नाही. कविता डोळे मिटून "ये याडी, ये याडी" करत होती. याडी म्हणजे आई.

साहेब तिच्या उशाशी येऊन थोडे रागावलेच. "तू नर्स आहेस ना? अशा दिवसात पाणी पीत नाहीस? का?"

कवितानं तोंड फिरवलं. मी सलाईनचे थेंब मोजायला लागले. सांगायचं काय, आणि एका पुरुषाला, आणि वॉर्डभर बायका ऐकत असताना. तेवढ्यात शेजारच्या कॉटवरून आवाज आला.

"पाणी पेऊन करीन काय? जाईन कुठी? तुह्या घरी?"

साहेबांनी चष्मा काढला. गिरजाबाई थांबणाऱ्या नव्हत्या. "म्या पाह्यतो ना रोज. पोरी सकाळी येते ते सुकल्या तोंडानं जाते. एक जन बी पाण्याले हात लावत नाही. त्या टोकाले दार हाये, वर मोठं नाव लिवेल हाये, त्याले कुलूप. आत कोण राह्यते? तुहे सासरे?"

वॉर्डात एक बाई फुसकन हसली. साहेब नाही हसले. चष्मा पुसत बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेले. म्हटलं, "साहेब, किल्ली द्यायला सांगा." ते म्हणाले, "वानखडे सिस्टर, मला सगळं समजतं. पण शासकीय मालमत्ता आहे. निर्लेखन झाल्याशिवाय हलवली आणि एक वस्तू कमी भरली तर माझी चौकशी लागेल. समितीची बैठक घ्यायला लावतो." मी विचारलं, "समिती कविताच्या कळा थांबवणार आहे काय?" त्यांनी घड्याळ पाहिलं, आणि कविता सध्या स्थिर आहे, मी क्वार्टरवर जाऊन अर्ध्यावरचं जेवून येतो, असं म्हणाले. एरवी ते कधी मला सांगून जेवायला जात नसत.

काळेबाबू कोठीत बसले होते. "किल्ली द्या," म्हटलं.

"लेखी द्या."

"काय लिहून देऊ? मले लागली आहे म्हणून?"

काळेबाबूंचे कान लाल झाले. त्यांना तीन मुली. थोडा वेळ त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि "मी चहाला चाललो. मी काही पाह्यलं नाही," म्हणत निघून गेले.

कुलूप गंजलेलं होतं, पण उघडलं. दार उघडल्यावर आतून एक घूस आमच्याकडे बघून शांतपणे निघून गेली. मी, आमची आया शालूबाई, दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर आणि पेशंटसोबत आलेल्या बायका अशी फौज जमली. कोणाची सासू, कोणाची नणंद. कोणालाही बोलवावं लागलं नाही. त्या पदर खोचूनच आल्या. गिरजाबाईंनी व्हीलचेअर मागवली, बांधलेला पाय स्टुलावर ठेवून वॉर्डाच्या दारात बसल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. "ते खाट आडवी करा वं! दाराले लागन! अवं, तू ताकद लाव, लाजून काय राह्यली!"

एकेक मालमत्ता बाहेर आली. कॉटा, स्ट्रेचर, वजनकाटा, कुटुंब नियोजनाच्या पाट्या. बाळाला दूध कसं पाजायचं ते दाखवायला आणलेली प्लास्टिकची बाहुली निघाली, तिला डोकं नव्हतं. फ्रिज हलेना. तेव्हा ट्रकच्या अपघातात हात मोडलेला एक हरियाणाचा ड्रायव्हर पुरुषांच्या वॉर्डातून आला आणि एका हातानं त्यानं तो असा ओढला की आम्ही बाजूला झालो. "बहनजी, और कुछ?" म्हणाला आणि गेला.

सामान ठेवायचं कुठं? उघड्यावर ठेवून गंजलं असतं तर शासनाचं नुकसान. म्हणून आम्ही ते साहेबांच्या गाडीच्या शेडमध्ये नीट रचून ठेवलं. साहेब परत आले, तेव्हा गाडी दारातच थांबली.

"हे काय आहे?"

"शासकीय मालमत्ता, साहेब. एकही वस्तू कमी नाही. वर पत्रे आहेत."

त्यांनी गाडी उन्हात लावली. म्हणाले, "मला वर कळवावं लागेल." मी म्हटलं, "कळवा." ते दोन पायऱ्या चढले, थांबले, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "नळाला पाणी येतं का?" नळाला पाणी येत नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या क्वार्टरवर काम करणाऱ्या प्लंबरला फोन केला. संध्याकाळ व्हायच्या आत पाणी आलं. शालूबाईनं फिनेल ओतून ओतून ती फरशी अशी घासली की खाली पांढरी फरशी होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

कविताच्या कळा त्या दिवशी मंदावल्या, दुसऱ्या दिवशी थांबल्या. ताप उतरायला आणखी वेळ लागला. उठायची परवानगी मिळाली, तेव्हा पहिला प्रश्न निघाला की उद्घाटन कोण करणार. माझा मान मोठा, असं शालूबाईचं मत. गिरजाबाईंनी निकाल दिला, "कविता करीन. तिचाच जीव चाल्ला होता." मग एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून कविता निघाली, बाजूनं मी बाटली उंच धरून. दाराबाहेर बाया उभ्या. कविता आतून ओरडली, "तुम्ही सगळ्या जा ना वं! असं कसं होईन?" कोणी हललं नाही. शेवटी पाणी ओतल्याचा आवाज आला आणि ती लाल तोंडानं बाहेर आली, तर बायांनी टाळ्या वाजवल्या. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

माझी नोटीस काही दिवसांनी आली. शासकीय मालमत्ता विनापरवाना हलवली, याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? मी घाबरले नाही असं सांगितलं असतं, पण ते खोटं होईल. निवृत्ती फार लांब नव्हती, आणि अशा एखाद्या कागदानं माणसाला शेवटपर्यंत चकरा मारताना मी पाहिलं होतं. नवऱ्यानं विचारलं, "संडासापायी नोकरी घालवशीन काय?" मी म्हटलं, "दुसऱ्या कशापायी घालवण्यासारखं काही दिसत नाही."

चौकशीला यवतमाळहून एक मॅडम आल्या, सोबत दोन पुरुष कर्मचारी. यवतमाळकडच्या रस्त्याचं काम तेव्हा सुरूच होतं, सगळीकडे खडी आणि खड्डे. गाडीतून उतरताना मॅडमचा चेहरा इतका कठोर होता की नोकरी गेलीच, असं मी धरून चालले. साहेबांनी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत. चहा आला, त्याकडे पाहिलं नाही. दोघं पुरुष कागद काढत होते. मॅडम माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सिस्टर, इथं लेडीज बाथरूम आहे का?"

इतकी वर्षं पेशंटांचे चेहरे वाचले, आणि हा चेहरा मला कळला नव्हता. त्या रागावलेल्या नव्हत्याच.

"आहे ना मॅडम," मी म्हटलं. "या."

मी त्यांना घेऊन गेले, आतली बादली भरलेली आहे ना ते पाहिलं आणि दूर जाऊन उभी राहिले. त्या बाहेर आल्या. हात धुतले. दारावरची निळी अक्षरं वाचली. मग विचारलं, "साबण कोण आणतं?"

"आम्हीच आणतो. पाळीपाळीनं."

चौकशी सुरू झाली. सामान परवानगी न घेता हलवलं का? हो. कोणाच्या सांगण्यावरून? माझ्याच. आपल्याला नियम माहीत होता का? माहीत होता. मला वाटलं, आता कविताची गोष्ट सांगावी, पण मॅडमनी हात वर केला. त्यांना ती सांगायची गरज नव्हती. सोबतच्या एका कर्मचाऱ्यानं लिहितालिहिता विचारलं, "मॅडम, निर्लेखन होईपर्यंत सर्व साहित्य पूर्ववत मूळ जागी ठेवावं, असा आदेश घ्यायचा ना?"

मॅडमनी चहाचा कप उचलला. गार झाला होता, तरी प्यायल्या. म्हणाल्या, "मूळ जागी कसं ठेवणार? ती जागा वापरात आहे."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मला लेखी ताकीद मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि मला तिचा, शालीपेक्षा जास्त, अभिमान आहे. निर्लेखन समितीही पुढं बसली. साहेबांची गाडी उन्हात उभी राहून राहून तापत होती, त्यामुळे त्यांनीच पाठपुरावा केला. गिरजाबाई पाय बरा करून घरी गेल्या. जाताना कविताला म्हणाल्या, "पोट्टं झालं की आन माह्या घरी. खर्रा नाही चारणार त्याले." कविताला दिवस भरून मुलगी झाली, चांगली वजनदार. बाळंतपण आमच्याकडेच झालं, मीच केलं. त्या वेळी ती मला गोरबोलीत जे काही म्हणाली, ते नक्कीच सांगण्यासारखं नसणार.

रजा संपवून कविता आली ती पेढे घेऊनच. मला वाटलं बारशाचे. तर म्हणाली, "सिस्टर, दुसऱ्या जिल्ह्यात कायमची ऑर्डर आली. मंगळवारी चाल्लो."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी दुसरंच काहीतरी झालं. तोंडातून निघून गेलं, "एवढं सगळं केलं तुझ्यासाठी, अन् तू चालली?"

कवितानं पेढ्याचा खोका माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "माह्यासाठी?" ती म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही तुमच्यासाठी केलं."

मी तोंडात पेढा कोंबला. पोरगी खरं बोलत होती. त्या दुपारी कुलूप उघडताना मला जे वाटलं होतं, ते दया वगैरे काही नव्हतं. इतक्या वर्षांनी एकदा आपल्यासाठी आपण काहीतरी ओढून बाहेर फेकलं, याची ती खुमखुमी होती. तसं मला कुठल्या सत्कारात वाटलं नाही, आणि कोंबडीच्या वेळीही नाही.

कविताच्या जागी पुण्याकडे शिकून आलेली एक मुलगी लागली. श्वेता नाव. केस नीट बांधलेले, बूट पांढरेशुभ्र. मी तिला पहिल्या दिवशी वॉर्ड दाखवला, औषधं दाखवली, टोकाचं दारही दाखवलं. दुपारी ती तिकडे गेली, परत आली आणि नाक मुरडत माझ्यासमोर उभी राहिली.

"सिस्टर, बाथरूममध्ये आरसा नाही का हो?"

मी तिच्याकडे पाहिलं. घूस, फ्रिज, बिनडोक्याची बाहुली, दात वाजणारी कविता, सगळं सांगायला मी तोंड उघडलं. पोरगी वाट पाहत उभी होती. टेबलावर तिची पाण्याची मोठी बाटली होती, आणि ती निम्मी रिकामी झाली होती.

"नाही," मी म्हटलं. "अर्ज कर. अन् साहेब हो म्हणेपर्यंत सोडू नको."